साडेबावीस इंच

आमच्या समोरच्या आडिवरेकरांची गाडी कधी सुटलीच नव्हती, पण तिला उशीर मात्र रोज व्हायचा.

मी वाटीभर साखर मागायला त्यांची बेल वाजवावी, तर आतून आवाज यायचा, "दोन मिनिटं थांबा, वहिनी. क्रॉसिंग आहे." घरात माणूस एकटा. रेडिओसुद्धा बंद. मी वाटी घेऊन दाराबाहेर उभी. दोन मिनिटं म्हणजे घड्याळातली दोन मिनिटं झाली, की दार उघडायचं आणि कानावर पेन्सिल, हातात खडू, खिशात मोजपट्टीची टेप अशा थाटात ते विचारायचे, "बोला."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही बेलापुरात नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. भिंतींना रंगाचा वास होता, जिन्याला कठडा यायचा होता, आणि मी अडतीस वर्षांची होते. अडतिसाव्या वर्षी बाईला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. आता नातवंडं झाली, गुडघे गेले, तेव्हा कुठे लक्षात आलं की मला तेव्हा फक्त सगळं माहीत होतं. कोणाच्या घरी कोण आलं, किती वाजता गेलं, जाताना हातात पिशवी होती की नव्हती. कळणं निराळं.

आडिवरेकर सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. तिथूनच निवृत्त झाले. बायको नाही, मूलबाळ नाही, तरी घेतलं दोन बेडरूमचं घर. सोसायटीत यावर बरीच चर्चा झाली. ती मीच सुरू केली होती. मग एक दिवस उलगडा झाला. दुसऱ्या खोलीत ते खेळण्यातली रेल्वे करणार होते. रूळ, स्टेशनं, बोगदा, सगळं.

"आणि गाडी कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी कपाटावर ठेवलेलं खोकं दाखवलं. कचेरीतल्या एका मित्राने परदेशातून आणलेलं, वरची चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. "गाडी आहे. मार्ग विचाराधीन आहे."

तो मार्ग तीन वर्षं विचाराधीन राहिला. खोलीच्या फरशीवर त्यांनी खडूने सगळा आराखडा काढला होता, खरा जेवढा होणार तेवढाच. कागदावर का नाही, तर म्हणाले, "चाळीस वर्षं कागदावरच काढत आलो, वहिनी. कागदावर सगळं बसतं. जागेवर गेलं की बसत नाही." रोज सकाळी आंघोळ करून ते खोलीत शिरायचे, एखादी रेघ पुसायचे आणि अर्धा इंच सरकवून परत काढायचे. बदल स्वतःच सुचवायचे, स्वतःच नामंजूर करायचे. जूनमध्ये त्यांनी दारावर नवं वेळापत्रक लावलं. का, तर पावसाळ्यात गाड्या हळू चालवाव्या लागतात. तिसऱ्या मजल्यावर, बंद खोलीत, खोक्यातल्या गाडीसाठी.

स्टेशनांची नावंही अशीच. विहीर, व्हाळ, देऊळ आणि बंदर. व्हाळ म्हणजे ओढा, हे मला त्यांनीच सांगितलं. ते मूळचे राजापूरच्या बाजूचे. "अहो भाऊजी, दादर म्हणा, पुणे म्हणा. 'विहीर' असं स्टेशन असतं का कुठे?"

"आहे," ते म्हणाले. "खिडकीपासून चौथ्या फरशीवर."

खोलीच्या मधोमध मात्र एक लांबट चौकोन मोकळा ठेवला होता. साडेसहा फूट बाय तीन फूट. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'आरक्षित'. चारी भिंतींच्या कडेने रूळ छान सरळ जायचे आणि एका बाजूला, देऊळ ते बंदर यांच्या दरम्यान, उगाच पोट सुटल्यासारखे त्या चौकोनाच्या अगदी जवळ यायचे. मी विचारलं, इथे हात हलला का? "नाही," ते म्हणाले, "ते तसंच आहे."

सगळ्यांत मोठा वाद होता तो उंचीचा. हे रूळ ज्या टेबलावर बसणार, ते टेबल म्हणे साडेबावीस इंच उंच. मिस्त्रीला बोलावलं की तो डोक्याला हात लावायचा. "साहेब, टेबल अडीच फुटाचं करतात. साडेबावीसवर बसायचं कसं, बघायचं कसं?" आडिवरेकर म्हणायचे, "साडेबावीस." मिस्त्री म्हणायचा, "चोवीस तरी करा, मार्जिन राहील." आडिवरेकर म्हणायचे, "साडेबावीस." मिस्त्री चहा पिऊन निघून जायचा. असे तीन मिस्त्री गेले.

मला हा सगळा प्रकार म्हणजे पर्वणी होती. माझ्याकडे कोणी पाहुणा आला की चहा झाल्यावर मी त्याला समोर न्यायचे. आडिवरेकर नाही म्हणायचे नाहीत. रेघांमधून पाय ठेवायला त्यांनी वर्तमानपत्राच्या घड्या ठेवल्या होत्या, त्यावरून मी पाहुण्यांना फिरवायचे. ही विहीर, इथे पाणी भरायला गाडी चार मिनिटं थांबते. हा व्हाळ, इथे पूल. बाहेर आलो की दार लावून आम्ही हसायचो. मी आडिवरेकरांची नक्कल फार हुबेहूब करायचे, "मार्ग विचाराधीन आहे." आमचे हे म्हणायचे, "पुरे कर, ऐकू जाईल." मी म्हणायचे, जाऊ दे.

दर मे महिन्यात ते पंधरा दिवस गावी जायचे. घराची चावी आमच्याकडे ठेवायचे. आंबे खायला जातात, असा माझा निष्कर्ष होता, आणि येताना आम्हाला पेटी आणत नाहीत म्हणून थोडा रागही.

अशाच एका मे महिन्यात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. इस्लामपूरहून चौदा माणसं येणार. तेव्हाची रीत अशी की लग्न एका घरी असलं तरी पाहुणे अख्ख्या जिन्याचे. कोणाकडे पुरुषमाणसं, कोणाकडे लेकुरवाळ्या, गाद्या सगळ्यांच्या गोळा. मी हक्काने आडिवरेकरांकडे गेले. "भाऊजी, ती खोली चार दिवस द्या."

"बाहेरची खोली घ्या. माझी खोली घ्या. स्वयंपाकघरही घ्या," ते म्हणाले. "ती नको. तिथे काम चालू आहे."

"अहो, तुम्ही तर गावाला जाताय. काम कोण करणार?"

त्यांनी त्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, ती नको."

आता कोणी इतकं हळू 'नको' म्हटलं तर समजावं. पण मी चारचौघींत सांगून बसले होते की जागेचं टेन्शन मला नाही, समोरची खोली धरलीच आहे. आडिवरेकर गावी गेले. पाहुणे आले. एक सासूबाईंची बहीण, तिला फरशीवर गादी हवी, पंखा हवा आणि कोणाचं घोरणं नको. चावी माझ्या कमरेला.

मी दार उघडलं. खडूच्या रेघांकडे पाहिलं आणि म्हटलं, खडूच तर आहे. तीन वर्षं काढतोय, आणखी तीन दिवस काढेल. बादलीत फिनेल टाकलं आणि पदर खोचून स्वतःच्या हाताने विहीर, व्हाळ, देऊळ, बंदर सगळं लख्ख पुसून काढलं. मावशी म्हणाल्या, "बाई, खोली किती स्वच्छ ठेवलीय." मला बरं वाटलं. हे मी आज लिहिते आहे ते कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही, पण लिहिताना मान वर करवत नाही एवढं खरं.

लग्न झालं. पाहुणे गेले. चौथ्या दिवशी पोस्टमनने कार्ड आणून दिलं. छापल्यासारखं अक्षर, मी ओळखलं.

'सौ. वहिनी यांस स. न. वि. वि. कार्य यथास्थित पार पडले असेल. एक काम आहे. कृपया आमच्या खोलीतील मधल्या आरक्षित चौकोनाची लांबी मोजून ठेवावी. येथे घेतलेल्या मापाशी आल्यावर ताडून पाहीन. मनात शंका आली आहे. आपणास त्रास देतो, कारण रेघेवर पाय न देता त्या खोलीत चालणे आपल्याशिवाय कोणास जमत नाही.'

शेवटचं वाक्य वाचून मी जेवले नाही.

आमच्या यांनी कार्ड वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं. "कधी येतायत?"

"परवा."

"मग रडत बसू नकोस. खडू आण."

खडू आणला, पण काढायचं काय? कागदावर तर काही नव्हतं. मी त्या उघड्या फरशीवर उभी राहिले आणि सवयीने, पाहुण्यांना दाखवायचे तशी, बोलायला लागले. ही विहीर. खिडकीपासून चौथी फरशी. इथून गाडी निघाली की दोन फरशांवर वळण. इथे व्हाळ, पूल दीड फरशीचा, कारण अर्ध्या फरशीत पाणी मावत नाही असं ते म्हणाले होते आणि मी त्याची नक्कल केली होती. आमचे हे टेप धरून बसलेले, तोंड उघडं. "तुला हे सगळं पाठ आहे?"

पाठ होतं. तीन वर्षं जितक्या लोकांना हसवलं होतं, तितक्या वेळा घोकंपट्टी झाली होती. माझ्या चोंबडेपणाचा आयुष्यात काही उपयोग झाला असेल तर तो त्या दोन दिवसांत. लहानपणापासून ठिपक्यांच्या रांगोळ्या काढलेल्या, त्यामुळे हात सरळ होता. वळणं ताट उपडं घालून काढली.

दुसऱ्या दिवशी हिराबाई आली. जवळच्या दिवाळे गावातून मासळी घेऊन यायची, सोसायटीतली निम्मी घरं तिच्या ओळखीची. आमच्या घरी कोणी नाही बघून ती समोरच्या दारात टोपली टेकवून उभी राहिली. मी गुडघ्यांवर, पदराला खडू.

"काय चाललंय ताई? सन हाय का?"

"सण नाही गं. आडिवरेकरांची गाडी."

तिने मान तिरपी करून सगळं न्याहाळलं. "आनि ही मधी जागा कसली?"

"देव जाणे. आरक्षित आहे म्हणतात."

"मानूस निजंल येवरी हाय," हिराबाई म्हणाली. "खाट बसंल."

"रेल्वेत कसली खाट? काहीतरीच तुझं," मी म्हटलं आणि तिला बोंबील ठेवायला सांगितले. मासळी विकणारीला काय कळतंय आराखड्यातलं, असं माझ्या मनात आलं. मला कळत होतं ना.

सगळं काढून झालं. पण मधला चौकोन तसाच रिकामा पडलेला बरा दिसेना. चारी बाजूंनी एवढं भरगच्च आणि मधे भकास. शिवाय मनाला खात होतंच, काहीतरी जास्तीचं करावं असं वाटत होतं. मी त्यात एक मोठं कमळ काढलं. आठ पाकळ्यांचं. लाल खडू मिळाला, तो भरला. मागे सरून पाहिलं आणि वाटलं, आता कसं.

आडिवरेकर आले. चावी घेतली, आत गेले. मी आमच्या दाराच्या फटीशी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. टेप सरकन बाहेर येण्याचा आणि परत आत जाण्याचा आवाज येत होता. अर्धा तास तो आवाज ऐकल्यावर मला राहवेना. मी जाऊन दारात उभी राहिले.

"वहिनी," ते फरशीकडे बघतच म्हणाले, "विहीर पाऊण इंच डावीकडे सरकली आहे."

मी सगळं सांगितलं. फिनेलसकट. नकलांसकट. ते सांगायची खरं तर काही गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडलं की माझं बंद होत नाही, ते वाईटासाठीही आणि बऱ्यासाठीही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, "म्हणजे बाकी सगळं तुम्हाला पाठ होतं."

"हो."

"मला वाटायचं, मी एकटाच बोलतोय."

मग ते कमळाजवळ खाली बसले. वर्तमानपत्राच्या घडीवर, रेघेवर पाय न देता. खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर आकडे होते. "चौकोन बरोबर आहे. मला उगाच शंका आली होती. इथे आक्काची खाट येणार आहे."

आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. तेराव्या वर्षी ताप आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून गावच्या घरात ओटीवरच्या खाटेवर. अंगणापलीकडची विहीर, तिच्यापुढचा व्हाळ, देऊळ, बंदर, सगळं तेरा वर्षांपर्यंतचं पाहिलेलं. आडिवरेकरांना पाटीवर अक्षरं तिनेच पडल्या पडल्या शिकवली. पुढे ते नोकरीसाठी बोटीने मुंबईला निघाले तेव्हा तिने विचारलं, तिकडे आगगाडी असते म्हणतात, कशी असते रे? ते म्हणाले होते, तुला दाखवीन. विशीतला मुलगा, काहीही बोलतो.

"एस.टी.चे धक्के तिला सोसत नाहीत. दोनदा आणायला गेलो, दोनदा घाटातून परत फिरवली. आता तिकडे रेल्वे येते आहे. रूळ टाकतायत, बोगदे चाललेत. ती गाडी सुरू झाली की आडवी निजवून आणीन." त्यांनी टेप कमळाच्या कडेला उभी धरली. "खाट, त्यावर गादी, त्यावर उशी. उशीवर डोकं ठेवलं की डोळा येतो तो साडेबावीस इंचांवर. दर वर्षी मोजून बघतो. वयाबरोबर उशी बसते."

म्हणून दर मे महिना. आणि मी आंब्याची पेटी मोजत होते.

"तिकडची गाडी सुरू व्हायच्या आत इकडची झाली पाहिजे," ते म्हणाले. "पण एकदा टेबल ठोकलं की चूक दुरुस्त होत नाही ना, वहिनी. म्हणून आपलं चाललंय."

रुळांचं ते सुटलेलं पोट मला तेव्हा कळलं. तिथे उशी येणार होती.

मी कमळ पुसायला फडकं आणलं. ते म्हणाले, "असू द्या. खाटेखाली जाईल."

त्यानंतर मी त्या रेल्वेची जणू मुकादम झाले. चौथा मिस्त्री आला आणि म्हणाला, बाई, टेबल चोवीसचं करू, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "साडेबावीस म्हणजे साडेबावीस. जमत नसेल तर चहा पिऊन जा." आडिवरेकर खुर्चीत बसून पहिल्यांदा मोठ्याने हसले. टेबल झालं. दारापाशी आत यायला उचलायची फळी झाली, तिला ते पूल म्हणायचे. मातीची विहीर मी केली, हिराबाईने बंदराला एक बोटभर होडी आणून दिली. तिच्या नातवाची होती म्हणाली, त्याला कळलं नाय अजून.

कोकणातली रेल्वे सुरू झाली त्या वर्षी आक्का आल्या. पनवेलला उतरवून घेतल्या, चौघांनी खुर्चीतून जिना चढवल्या. मूठभर बाई, पण डोळे असे की मी पदर सारखा केला. खाटेवर निजवल्यावर त्यांनी मान वळवली आणि डोळ्यांसमोर, बरोब्बर समोर, रूळ आले.

"शिरू, हे रे काय?"

आडिवरेकरांनी खोक्याची चिकटपट्टी काढली. इंजिन चौथ्या वेळी रुळावर बसलं. मग शिट्टी वाजवली, खरीखुरी, तोंडाने. गाडी निघाली. विहिरीपाशी थांबली, आक्का म्हणाल्या, "अगोबाई, आपली विहीर." व्हाळावरून गेली. देवळाशी थांबली, त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. मग उशीजवळून, हातभर अंतरावरून, खडखडत निघून गेली आणि बंदरावर जाऊन उभी राहिली. पुन्हा विहीर, पुन्हा व्हाळ. असे तीन फेरे झाले. आम्ही सगळे आक्कांच्या तोंडाकडे बघत होतो.

"सगळीकडे थांबते," आक्का म्हणाल्या. "माझ्याकडे तेवढी थांबत नाही."

आडिवरेकरांचा हात बटणावरच राहिला. गाडी मधेच उभी.

"आक्का, तिथे स्थानक... आराखड्यात नव्हतं."

"नसेल. इतकी वर्षं तूही असाच. मेमध्ये यायचास, खाट मोजायचास, पंधरा दिवसांनी बंदराकडे तोंड." त्या रागाने म्हणाल्या नाहीत. हसत होत्या. "मला आपलं वाटलं, गाडी तरी थांबेल."

रोज अर्धा इंच सरकवण्यात तीन वर्षं घालवलेला तो माणूस तिथेच उभा. चाळीस वर्षांच्या नोकरीत मंजुरीशिवाय एक रेघ ओढली नव्हती. मला वाटलं, आता म्हणतील, विचाराधीन आहे.

"वहिनी, खडू आहे का?"

माझ्या कमरेला होताच. त्यांनी तो घेतला, उशीजवळच्या फळीवर वाकले आणि एका दमात फलाट काढला. त्यावर लिहिलं, 'आक्का'. टेप खिशातच राहिली. रेघ चांगली बोटभर वाकडी आली. ती मला दिसली, त्यांनाही दिसली. त्यांनी ती तशीच ठेवली आणि गाडी सोडली.